मैदानातली पैनगंगा

मास्तराला दोन कामं असतात. एक शिकवायचं, आणि दुसरं, ज्याचा नेमणुकीच्या कागदावर उल्लेख नसतो ते. माझ्या वाट्याला हे दुसरं काम जास्त आलं आणि तेच मला जास्त जमलं. हे मीच सांगतो आहे, कारण त्या वेळचे आमचे हेडमास्तर आता नाहीत, आणि असते तरी त्यांनी हे कबूल केलं नसतं.

घाटंजीच्या शाळेत मी इतिहास-भूगोलाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा आमचा भाग नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता, आणि तिथंही फार दिवस राहणार नाही असं लोक बोलत होते. शाळा शनिवारी सकाळची असे. शेवटच्या दोन तासांना वेळापत्रकात 'छंद व कला' असं नाव होतं. प्रत्यक्षात त्या दोन तासांत मुलं वर्ग झाडत आणि मास्तर लोक वह्या तपासून घेत. मी वयानं सगळ्यांत लहान, म्हणून हेडमास्तरांनी ते दोन तास माझ्या गळ्यात घातले. म्हणाले, "काहीतरी करा. तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब आले की लेझीम तेवढी नीट झाली पाहिजे. बाकी तुमची मर्जी."

बाहेरच्यांना वाटतं, मुलाला त्याची आवड विचारायची आणि ती पुरवायची, यात काय कठीण आहे? मीही विचारून पाहिलं. नववीच्या मुलाला 'तुला काय आवडतं' असं विचारलं की तो तुमच्या तोंडाकडे बघतो आणि तुम्हाला काय ऐकायला आवडेल ते सांगतो. माझ्या वर्गात पहिल्या शनिवारी अडतीस जणांना वाचन आवडत होतं. शाळेत गोष्टींची पुस्तकं होती अकरा.

विचारून उपयोग नाही म्हटल्यावर मी माझ्या अकलेनं यादी केली. ती यादी आठवली की अजून कानशिलं तापतात. सुताराच्या वामनला मी रंध्यावर बसवलं. शिंप्याच्या मुलीला शिवणात घातलं. माळ्याच्या दोघा भावांना बागेत. माझा हिशेब सरळ होता, की घरी पाहिलेलं असतं, हात बसलेला असतो, लवकर जमेल. लेझमीला ताल धरायला शाळेनं एक डफडं घेऊन ठेवलं होतं. ते मी नववीतल्या मनोहरच्या हाती दिलं.

मनोहर बारीक अंगाचा, कमी बोलणारा मुलगा. गावाबाहेरच्या वस्तीतून येई. त्याच्या घरच्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्याआधी पिढ्यान् पिढ्या गावातल्या लग्नामयतीला डफडं त्याच घरचं वाजायचं. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दिलं.

त्यानं ते हातात धरलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "मले नाही येत जी."

मी हसून म्हणालो, "अरे, घरचंच तर आहे. येईल."

त्यानं डफडं बाकावर ठेवलं आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. सोमवारी शाळेत आला नाही. मंगळवारी नाही. आठ दिवस झाले तेव्हा मी त्याच्या घरी गेलो.

त्याचे वडील सखाराम कापसाच्या जिनात हमाली करत. सरकीचे कण अंगाला चिकटलेले, नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. पाण्याचं विचारलं नाही. मी घेणार नाही असं त्यांनी धरलं असावं. मी मागितलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत सांगितलं.

पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, "मनोहर आजारी आहे का?"

"आजारी नाही जी. मीच ठेवला घरी."

"का?"

 सखाराम एकेक शब्द मोजून बोलू लागले. "गुरुजी, नागपूरले गेलतो तवा डफडं घरी खुटीले होतं. माह्या आजाचं. परत आलो आन् पह्यलं ते उतरवलं. लग्नात वाजवा, मयतीत वाजवा, आन् पंगत बसली का बाहेर जाऊन बसा. हे बंद केलं. गाव नाराज झालं, वावरात काम देईना, म्हणून जिनात गेलो. पोट्ट्याले शाळेत धाडलं ते डफडं शिकाले नाही धाडलं."

मी म्हणालो, "शाळेत ती कला म्हणून असते. त्यात कमीपणा काही नाही."

"कला असन जी," ते म्हणाले. आवाज वाढवला नाही. "मंग तुमच्या लोकाईच्या पोरायले काहून नाही देली?"

मी बोरी अरबच्या शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या घरच्या लग्नांत डफडं दारात वाजायचं, आणि ते वाजवणारे कुठं बसून जेवत हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्याबद्दल विचार केला नव्हता. 

"चूक झाली, सखारामजी," मी म्हणालो. त्यांच्या वस्तीतल्या कोणाला 'जी' लावून बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. "त्याला शाळेत पाठवा. डफड्याला त्यानं हात लावायचा नाही."

मनोहर दाराच्या आतून ऐकत होता. त्याला म्हणालो, "सोमवारी ये. शनिवारी काय करायचं ते आत्ता ठरवू नको. नुसता ये."

तो आला. मी यादी फाडली. वामन सुतार तोवर शाळा सोडून बापाच्या हाताखाली कामाला लागला होता. होता तोवर मी त्याला शाळेतही रंधाच मारायला लावला. त्याला दुसरं काय आवडलं असतं, हे मला आजही माहीत नाही. ती रुखरुख राहिली ती राहिलीच.

यादी फाडली तरी लेझीम होतीच. हेडमास्तरांनी विचारलं, "आता मुलं कोणाच्या तालावर नाचणार?"

"मी वाजवतो," मी म्हणालो.

"तुम्ही? लोक काय म्हणतील?"

"बेताल वाजलं तर म्हणतील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले की तसं करत. पण दुसरं कोणी तयार नव्हतं. दोन आठवड्यांत ही बातमी बोरीला पोचली आणि वडिलांचं पत्र आलं, की शिकवून मास्तर केला तो डफडी वाजवायला काय? मी उत्तरात कापसाचं पीक कसं आहे ते विचारलं.

खरी अडचण वेगळीच होती. मला वाजवता येत नव्हतं. तळहात लाल व्हायचा आणि मुलांची पावलं एकमेकांत अडकायची. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आमचा सराव चालला होता तेव्हा सखारामजी जिनातून घरी चालले होते. रस्ता शाळेच्या कुंपणाला लागून जातो. ते थांबले. जरा वेळ ऐकत राहिले आणि फाटकातून आत आले. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"गुरुजी, हात लय जड पडून राह्यला तुमचा. आंधी तोंडानं घ्या. तोंडात बसलं का हातात येते."

आणि त्यांनी तोंडानं ताल धरला. डंग, डगडग, डंग. मी त्यांच्यामागून म्हटला. चुकलो की ते मान हलवत आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणत. मग म्हणाले, आता वाजवा. बोटांनी कुठं मारायचं, तळहात कुठं टेकवायचा, हे सगळं त्यांनी बोलून सांगितलं. डफड्याकडे एकदाही हात केला नाही. मुलांची पावलं जुळली तशी त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. माझ्या उभ्या आयुष्यात मला असं कोणी शिकवलं नाही.

आता मनोहरचं सांगतो.

यादी फाडल्यावर मी नवी रीत धरली. शनिवारी व्हरांड्यात वस्तू मांडून ठेवायच्या. सुतळी, पुठ्ठे, माती, खिळे, बाजाची पेटी, जुनं घड्याळ. मुलांनी फिरावं, हात लावावा. मी कोपऱ्यात बसून पाहायचं. हे पाहणंच या कामातलं खरं काम आहे. बहुतेक मुलं एक वस्तू उचलतात, ठेवतात, दुसरी उचलतात. एखादं मूल मात्र एका वस्तूपाशी बसतं, आणि मग त्याचं तोंड बदलतं. ओठ किंचित उघडे राहतात, खांदे सैल पडतात, शेजारच्यानं ढकललं तरी ते न बघता सरकून बसतं. असं दिसलं की मास्तरानं काही म्हणजे काही करायचं नाही. शाबासकीही द्यायची नाही. मी आधी द्यायचो. शाबास म्हटलं की मूल कामातून बाहेर येतं, तुमच्याकडे बघतं आणि पुढं तुमच्यासाठी काम करू लागतं. सगळा खेळ बिघडतो.

मनोहर चार शनिवार नुसता फिरला. पाचव्या शनिवारी भूगोलाच्या तासातली एक गोष्ट उपयोगी पडली. वर्गातला भिंतीवरचा नकाशा जुन्या राज्याचा होता, नवा आला नव्हता. एका मुलीनं विचारलं होतं, "सर, आपण आता कोणत्या नकाशात हाओत?" मी म्हणालो, राज्यं बदलतील, जिल्हा तर इथंच आहे. आपण जिल्ह्याचाच नकाशा करू, आणि कागदावर नाही, मैदानावर करू. डोंगर उंच, नद्या खोल, असा मातीचा.

तहसील कचेरीतून एक नकाशा मागून आणला. त्यावर इंचाइंचाच्या चौकटी आखल्या. मैदानात खुंट्या ठोकून सुतळीनं हातहातभर अंतरावर तितक्याच चौकटी पाडल्या. कागदावरच्या एका चौकटीत जे असेल तेच जमिनीवरच्या त्या चौकटीत करायचं. रीत इतकी सोपी. मुलं आनंदानं चिखल करू लागली. मनोहर उभा राहून कागद पाहत होता. मग चौकट मोजत मोजत गेला आणि उकिडवा बसला.

तास संपल्याची घंटा झाली. मुलं दप्तरं घेऊन पळाली. तो बसलेलाच. मीही बसून राहिलो.

पहिला नकाशा आठ दिवसांत तडकला. काळी माती ओली असताना लोण्यासारखी लागते आणि वाळली की तिच्यात बोट जाईल अशा भेगा पडतात. यवतमाळचा डोंगर मधोमध दुभंगला आणि पुसद जिल्ह्यापासून अलग झालं. मुलांचा उत्साह गेला. मलाही उपाय सुचेना. सोमवारी मनोहर एका फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आला. पांढरी माती, गव्हाचं कुटार म्हणजे भुसा आणि शेण, तिन्ही कालवून वाळवलेला एक गोळा होता. त्याला भेग नव्हती.

"माय भिंती लिंपते तवा असंच करते," तो म्हणाला. "पन तिचं कुटार जास्त होते. म्या तीन गोळे केल्ते. दोन तडकले."

तीन गोळे करून पाहायला त्याला मी सांगितलं नव्हतं. कोणीच नव्हतं सांगितलं. त्या दिवशी मला शाबास म्हणायचा फार मोह झाला, पण मी एवढंच विचारलं, "किती माती लागेल?"

पुढचे दोन महिने तो नकाशा त्याचाच होता. बाकीची मुलं हाताखाली होती, मोठ्या शेतवाल्यांच्या घरचीही. गावात त्याच्या सावलीपासून बाजूला होणारी पोरं इथं "मनोहर, अरुणावती नदी कोठून आणाची?" असं त्याला विचारत. याची मी मुद्दाम काही व्यवस्था केली नव्हती. काम ज्याला कळत होतं त्याला विचारलं जात होतं, इतकंच. उतार बरोबर आहे की नाही हे पाहायला त्यानं एका शिशीत पाणी भरलं आणि ती आडवी ठेवून आतला बुडबुडा कुठं सरकतो ते बघू लागला. मी बोरी अरबला गेलो तेव्हा तिथल्या स्टेशनावरून इंजिनाच्या कोळशाचे चार खडे रुमालात बांधून आणले, ते वणीजवळ खाणीच्या जागी बसवायला. वडील म्हणाले, डफडं झालं, आता कोळसा.

तपासणीच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस आला. हरभरा काढणीचे दिवस, आणि दुपारभर धो धो पडला. हेडमास्तर व्हरांड्यात येऊन म्हणाले, "झालं तुमचं. तो चिखल उद्या सारखा करून टाका. साहेबांच्या नजरेला पडता कामा नये." मला वाईट वाटलं. पाऊस उघडल्यावर मी मैदानात गेलो तर मनोहर तिथं आधीच होता. गुडघ्यापर्यंत भिजलेला. मला वाटलं रडतो आहे की काय. तो वाकून पाहत होता.

"सर, इकडं या," तो म्हणाला. "वाघाडी पाहा."

यवतमाळच्या डोंगरावर पडलेलं पाणी वाघाडी नदीच्या पात्रातून बारीक धारेनं खाली उतरलं होतं, आमच्या घाटंजीला वळसा घालून पुढं गेलं होतं आणि दक्षिणेला पैनगंगेत मिळालं होतं. तिथून दोन्ही पाणी मिळून पूर्वेकडे वणीच्या खालून वर्धेला जाऊन लागलं होतं. नदी जशी जाते तशीच. काठ ढासळले होते, टेकड्या बसल्या होत्या, पण उतार सगळे खरे निघाले होते.

"म्या तं नुसतं कागदावून केलतं जी," तो म्हणाला. "पान्याले कोनं सांगतलं?"

मी हेडमास्तरांकडे जाऊन म्हणालो, नकाशा राहू द्या. ते म्हणाले, जबाबदारी तुमची. मी म्हणालो, माझीच.

तपासणीच्या दिवशी लेझीम झाली. मी वाजवलं, ताल सुटला नाही. इन्स्पेक्टरसाहेब उंच, धोतर-कोट घालणारे, कडक म्हणून सगळ्या जिल्ह्यात ओळखले जाणारे गृहस्थ होते. ते आणि हेडमास्तर मैदानातून ऑफिसकडे चालले होते. मी मागं. मनोहर नकाशात पालथा पडून ढासळलेला काठ पुन्हा बांधत होता. साहेब त्याच्याजवळ थांबले. आम्ही सगळे थांबलो. त्याला पत्ता नव्हता.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

मनोहरनं वर न बघता त्यांच्या बुटाला चिखलाच्या हातानं हलकेच ढकललं. "सरका जी जरा. तुमचा पाय पैनगंगेत पडून राह्यला."

हेडमास्तरांनी चष्मा काढला.  साहेबांनी पाय उचलला आणि कुठं ठेवावा म्हणून खाली पाहिलं. मागं नांदेड जिल्हा होता, तिथं त्यांनी तो ठेवला. मग त्यांनी वाकून विचारलं, "पाणी सोडलं तर वाहील का?"

"वायते. परवा पावसानं सोडलं होतं," मनोहर म्हणाला आणि तेव्हा त्यानं मान वर केली. कोण उभं आहे ते त्याला दिसलं. तो धडपडून उठू लागला.

साहेब म्हणाले, "बस, बस. आधी काठ पुरा कर." आणि ते तिथंच कोटाचं टोक वर धरून उकिडवे बसले. काठ पुरा होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग शिपायाला तांब्या आणायला सांगून त्यांनी स्वतःच्या हातानं यवतमाळवर पाणी ओतलं. ते वाघाडीतून वाहत गेलं. हेडमास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "पुढच्या वर्षीही करू हे." त्या माणसाकडून मला मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र ते हेच.

वाचणाऱ्यांना आता वाटत असेल की मनोहर मोठा इंजिनीअर झाला. नाही झाला. मॅट्रिक झाला आणि पोस्टात लागला. घरी दोन लहान भावंडं होती, सखारामजींची कंबर धरली होती, पहिली मिळाली ती नोकरी घेतली. मला त्याची खंत होती आणि पुष्कळ वर्षांनी तो भेटायला आला तेव्हा ती मी बोलून दाखवली. म्हणालो, "तुझा नकाशा मी तिथंच सोडला. पुढं काही करायला हवं होतं."

तो हसला. केस पांढरे झाले होते. म्हणाला, "सर, पोस्टात तीस वर्सं टपाल छाटलं, गावागावाचं निराळं केलं. वाईट काम नाही. पन त्या नदीसारखं मन कदी लागलं नाही, खोटं कायले बोलू?" पुढं म्हणाला, "पन मन लागते म्हणजे काय होते, ते मले ठाऊक होतं."

मग त्यानं त्याच्या मुलीचं सांगितलं. लहानपणी एकदा तिनं घरातलं शिवणयंत्र खोलून ठेवलं. सगळे भाग ओळीनं मांडले आणि पुन्हा जोडायला बसली. हा कामावरून आला. बायको रागावलेली, यंत्र तिचं होतं. स्वयंपाक होऊन निवत आला होता. म्हणाली, तिले हाक मारा आन् दोन लावा.

"मी दारात गेलो," मनोहर म्हणाला. "तिचं तोंड पाह्यलं. आन् तसाच मांगं फिरलो. बायकोले म्हटलं, आपन जेवून घेऊ. तिचं ताट झाकून ठेव."